युफेमियाचा दगड

वादळाला हवामानखात्याने एका बाईचं नाव दिलं होतं. पण त्या नावाची एक आत्या कॅरिअकू बेटावर आधीपासून राहते आणि तिला वाईट वाटतं, म्हणून गावात ते नाव कुणी घेत नाही. नुसतं 'ती' म्हणतात. ती आली, ती गेली, तिने सगळं नेलं. परक्या माणसाला वाटावं, कुणाची तरी सून घर फोडून गेली.

तिचा जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी झाला. लहानपणी ती ढगांचा एक पुंजका होती, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग कोमट समुद्राचं पाणी पीत पीत पश्चिमेला निघाली आणि वाटेत तिने बाळसं धरलं. बेटावरच्या लोकांचे पूर्वजही त्याच किनाऱ्यावरून, त्याच वाटेने आले होते. फरक इतकाच, की गुलाम म्हणून जहाजात कोंबताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे इथली म्हातारी माणसं वादळाकडे जरा भाऊबंदाच्या नजरेने पाहतात. येणार, जेवणार आणि जाताना भांडी घेऊन जाणार.

जुलैत ती आली तेव्हा सिप्रियन क्वाशी ती जाईपर्यंत पाण्याच्या टाकीत बसून होता. पावसाचं पाणी साठवायची टाकी इथे घरोघर असते. सिप्रियनची चांगली सिमेंटची, जमिनीत बांधलेली होती. आत गुडघाभर पाणी आणि शेजारी त्याची मेहुणी हायसिंथ, हातात जपमाळ. मणी ओढता ओढता ती मध्येच विचारायची, "दाजी, हा आवाज छपराचा का हो?"

"हो."

"आणि हा?"

"भिंतीचा."

मग तिने विचारणं सोडलं.

वर आले तेव्हा घर नव्हतं. पडलं होतं असंही नाही. पडलेलं घर निदान दिसतं तरी. फरशी कुणीतरी झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती आणि तिच्या मधोमध, सिमेंटच्या ठोकळ्यांवर, काळ्या ग्रॅनाइटचा दगड जिथल्या तिथे आडवा होता. वर त्याच्या गेलेल्या बायकोचं, युफेमियाचं नाव आणि दोन तारखा. त्यावरचा क्रोशाचा रुमाल तेवढा गेला होता.

"अगं बाई," हायसिंथ म्हणाली, "ताई राहिली."

आता आपल्याला काहीतरी होईल, म्हणून सिप्रियन जरा वेळ वाट पाहत उभा राहिला. छातीत कळ येईल, पाय लटपटतील, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. काही आलं नाही. समोर समुद्र निळाशार झाला होता. तिकडे पाहून त्याला वाटलं, टाकीचं झाकण उघडं राहिलंय. तो गेला आणि झाकण लावून आला.

दगड घरात कसा, हे कॅरिअकूत कुणी विचारत नाही. माणूस गेलं की पुरतात, पण दगड लगेच बसवत नाहीत. तो आणून घरात ठेवायचा, बैठकीच्या खोलीत, मानाने. मग कधीतरी गेलेलं माणूस घरच्यांच्या स्वप्नात येतं आणि सांगतं, आता बसवा. कुणी वर्षाने येतं, कुणी दहा वर्षांनी. तसं सांगणं आलं की गावजेवण घालायचं, ढोल वाजवायचे, पूर्वजांसाठी बिनमिठाचं ताट वाढून ठेवायचं, जमिनीवर रम शिंपडायची आणि दगड उभा करायचा. तिथे सगळं संपतं. मेलेलं माणूस आपल्या जागी झोपतं आणि स्वप्नात यायचं बंद होतं.

सिप्रियनची अडचण नेमकी ती होती. युफेमिया केव्हाच येऊन गेली होती. दगड त्रिनिदादहून आला त्याच्या पुढच्या महिन्यात ती स्वप्नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "उभं राहून पाय दुखले माझे, सिप्रियन. बसव की आता." सकाळी उठून सिप्रियनने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणाली, यानेही पुन्हा तेच केलं. बाई चिडायची, कधी लाटणं घेऊन यायची, पण यायची. चाळीसएक वर्षांच्या संसारात तिने जितकी बोलणी ऐकवली नसतील, तितकी ती मेल्यावर त्याने तिच्याकडून गोडीगुलाबीने खाऊन घेतली. हायसिंथने विचारलं, "ताई काही म्हणाली का हो, दाजी?" की हा म्हणायचा, "छे, कुठलं काय."

आणि आता ती येत नव्हती. कुणाच्या तरी अर्ध्या छपराखाली ताडपत्रीवर झोपून सिप्रियन रोज वाट पाहायचा. स्वप्न पडायचंच नाही. रात्र फळ्यासारखी कोरी जायची.

दिवसाही फारसं वेगळं नव्हतं. सिप्रियन होड्या बांधणारा माणूस. त्याची अर्धी बांधून झालेली होडी एका टेकडीवर, शाळेच्या व्हरांड्यात सापडली. लोक त्याला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. "छान बसलीय," तो म्हणाला आणि परत आला. एकदा खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर पडली. हायसिंथ किंचाळली. सिप्रियनने अंगठ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या मुलाच्या अंगठ्याकडे पाहावं तसं, आणि पुढचा खिळा ठोकला.

दगडाचे मात्र दिवस आले. वाऱ्याकडच्या त्या अख्ख्या गावात सपाट, कोरडी आणि न हलणारी अशी ती एकच वस्तू उरली होती. पहिल्यांदा त्यावर कुणीतरी पाव कापला. मग मदत घेऊन आलेल्या डॉक्टरने त्यावर इंजेक्शनं मांडली. एका बाळाला त्यावर तेल लावलं गेलं. राजधानीहून एक मंत्री आले. त्यांनी दगडावर हात टेकून भाषण केलं, की हे बेट पुन्हा उभं राहील. हात बरोबर 'चिरविश्रांती' या शब्दावर होता. भाषण चांगलं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि रांगेत जाऊन पाण्याच्या बाटल्या घेतल्या.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" हायसिंथ सिप्रियनला म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नावावर लोक मासळी साफ करताहेत."

"मासळी मिळाली?" सिप्रियनने विचारलं.

मनाचं दुखणं विचारायला एक तरुण बाई आली होती. स्वभावाने गोड, डोक्यावर टोपी, पायात चिखल. ती दगडाच्या या बाजूला बसली, सिप्रियन त्या बाजूला.

"काका, तुम्हाला आत्ता काय वाटतंय?"

सिप्रियनने खरंच विचार केला. "उकडतंय," तो म्हणाला.

"आणि आत? मनात?"

"तिथेही बहुतेक उकडतच असेल."

ती हसली, मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. सिप्रियनने तिला एक बिस्कीट दिलं. तिने ते खाल्लं. जाताना म्हणाली, "बरं वाटलं तुमच्याशी बोलून." मग सिप्रियनने उरलेली बिस्किटं झाकून ठेवली.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ठीक होतं. पण ऑक्टोबर आला आणि सर्वसंतांचा सण जवळ आला. त्या संध्याकाळी कॅरिअकूत झाडून सगळी माणसं कबरस्तानात जातात आणि आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. हायसिंथ आधी जाऊन जागा साफ करावी म्हणून गेली, आणि फावडं तिथेच टाकून परत आली.

"दाजी, चला."

"काय झालं?"

"चला म्हणते ना."

कबरस्तान समुद्राला लागून होतं. जुलैनंतर तिथे कुणी गेलं नव्हतं; जिवंत माणसांचंच इतकं पडलं होतं की मेलेल्यांना थांबणं भाग होतं. आता पाहिलं तर सगळीकडे सपाट वाळू. बदामाचं मोठं झाड मुळासकट गेलेलं, त्याचा नुसता खड्डा. ज्यांचे दगड बसवलेले होते ते सगळे दगड लाटांनी लोटत नेऊन कोपऱ्यात एकावर एक रचले होते, म्हाताऱ्याच्या कवळ्या कपाटात ठेवाव्यात तसे. ज्यांचे नुसते लाकडी क्रूस होते त्यांचं काही नावच नको. युफेमियाचा क्रूस सिप्रियनने स्वतः देवदाराचा केला होता, होडीच्या कण्याला लावतात ते लाकूड.

"कुठे होती ताई?" हायसिंथने विचारलं.

सिप्रियन इकडे चार पावलं गेला, तिकडे चार पावलं गेला. दरवर्षी तो झाडावरून अंदाज धरायचा. झाड नव्हतं.

"दगड वेळेवर बसवला असता तर," हायसिंथ म्हणाली आणि तिने कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. तेव्हा तिचं वाक्य तिथेच राहिलं. बसवलेल्यांचं काय झालं होतं ते दिसतच होतं.

आता प्रश्न असा पडला. दगड होता, कबर नव्हती. चुकीच्या जागी बसवला तर युफेमिया कायमची उभीच राहणार, पाय दुखत. न बसवावा तर सणाला मेणबत्ती कुठे लावणार? जागा सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते स्वप्नात यायचं बंद झालं होतं.

म्हणजे सिप्रियनच्या स्वप्नात. इतरांकडे तिचं जाणंयेणं जोरात सुरू झालं. रमचं दुकान चालवणारा बार्टी एके सकाळी घाईघाईने आला.

"मिस्त्री, काल वहिनी आल्या होत्या."

"कुठे?"

"माझ्या स्वप्नात. म्हणाल्या, बार्टी, मला समुद्राची भीती वाटते. माझा दगड तुझ्या दुकानासमोर सावलीला आडवा ठेव. उभा नको म्हणाल्या. आडवा."

बार्टीच्या दुकानाचा ओटा वादळात गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हायसिंथने कमरेवर हात ठेवले. "काय घातलं होतं तिने?"

"लाल झगा."

"उभ्या जन्मात तिने लाल घातलं नाही."

"मेल्यावर आवडी बदलतात, ताई. आमचा बाप दारू सोडून गेला. आता स्वप्नात येतो तो बाटली घेऊनच."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांना स्वप्न पडलं, की दगड चर्चच्या पायरीला चालेल. खुद्द हायसिंथला पडलं ते असं, की ताईला माहेरच्या जमिनीत यायचंय. ती जमीन हायसिंथच्या नावावर होती आणि तिच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी जुना वाद होता. मधोमध एक कबर आली की वाद मिटण्यासारखा होता. सिप्रियन सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचा. एवढीच गोष्ट त्याला जरा खटकायची, की ज्याच्या-त्याच्या घरी जायला हिला वेळ आहे. पण खटकायची म्हणजे चपलेत खडा असावा तशी, पाय दुसऱ्याचा.

त्याच सुमारास बार्टीच्या रेडिओवर सांगितलं, की 'ती' इथून निघाल्यावर कुठे कुठे गेली, किती घरं नेली आणि शेवटी अमेरिकेत दूर कुठेतरी मक्याच्या शेतांवर साधा पाऊस होऊन कशी संपली. तिथल्या शेतकऱ्यांनी म्हणे देवाचे आभार मानले.

"पाऊस बरा झाला म्हणजे," सिप्रियन म्हणाला.

सण दोन दिवसांवर आला तेव्हा हायसिंथ त्याच्यासमोर येऊन बसली. आवाज खाली आणला.

"दाजी, खरं सांगा. तुम्हाला अजून नाही पडलं?"

"नाही."

"मग पाडा. जमिनीचं मी सोडून देते, जा. पण कुठेतरी बसवा तिला. सगळ्या गावाच्या मेणबत्त्या लागतील आणि माझी बहीण तेवढी अंधारात? तुम्ही नवरा आहात. तुम्ही सांगितलंत तर कुणी हरकत घेणार नाही."

सिप्रियनने अंगठ्याच्या काळ्या नखाकडे पाहिलं. खऱ्या स्वप्नांच्या वेळी तो खोटं बोलला होता, 'नाही' म्हणाला होता. आता नाही पडलं तर 'हो' म्हणायचं; हिशेबाने ते बरोबरच होत होतं.

"पडलं," तो म्हणाला. "बदामाच्या खड्ड्यापासून पाण्याकडे. खड्ड्याला लागून."

"अगदी लागून?"

"तिने सांगितलं तसं सांगतोय."

हायसिंथने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं आणि तिला कळल्याचं त्याला कळलं. ती पदर खोचावा तसा झगा खोचून उठली आणि जेवणाच्या तयारीला लागली.

दगडाचं जेवण म्हणजे बोकड, कोंबड्या, तांदूळ, मक्याची कणसं. बोकड जुलैपासून बेपत्ता होते. होतं ते मदतीच्या डब्यांतलं: खारवलेलं मांस आणि खारवलेले मासे. जिवंत माणसांना चालतं. पण पूर्वजांना मीठ चालत नाही. मीठ खाल्लं तर त्यांना आफ्रिकेला परत उडून जाता येत नाही, असं म्हणतात. मग हायसिंथने मदतीच्या बाटल्यांचं पिण्याचं पाणी घेतलं आणि डब्यातलं मांस धुवायला बसली. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. रांगेत उभं राहून आणलेलं पाणी मातीत जाताना पाहून मदतवाल्यांचा एक पोरगा धावत आला.

"मावशी, हे प्यायचं पाणी आहे!"

"त्यांच्यासाठीच चाललंय," हायसिंथ म्हणाली. "तू बाजूला हो. वाटेत उभा आहेस त्यांच्या."

पोरगा मागे वळून पाहत बाजूला झाला.

दगड नेला तेव्हा दुपार कलली होती. बार्टी आणि आणखी तिघांनी उचलला. बार्टी दर दहा पावलांवर थांबून त्याच्या सपाटपणाकडे हळहळत पाहायचा. ढोल एकच वाचला होता, त्याचंही कातडं सैल झालेलं; तो थाप मारल्यावर जरा विचार करून वाजायचा. सिप्रियन सगळ्यांच्या मागून चालला. काम त्याने ठरल्यासारखं केलं. जागा दाखवली, खणताना हात लावला, सिमेंट कालवलं. दगड उभा राहिला. बार्टीने रम आणली होती, त्यातली थोडी पूर्वजांना आणि बाकीची उचलणाऱ्यांना दिली. पाद्रीबाबा बोलले. हायसिंथ रडली. सिप्रियनने दगडाकडे पाहिलं. दगड होता. नाव होतं. त्याच्या मनात आलं, सिमेंटला वाळू जरा जास्त झाली.

"अय्या," कुणीतरी म्हणालं.

डेल्फीन होती. ही गावातली सगळ्यांत म्हातारी विधवा, हातात काठी, तोंडात एक दात आणि जिभेला हाड नाही. दगडाच्या पायाशी ती काठीने वाळू उकरत होती. वाळूतून हिरव्या काचेचं एक बूड वर आलं. मग शेजारी दुसरं. मग तिसरं. रमच्या बाटल्या, उलट्या पुरलेल्या, एका ओळीत.

"ही माझ्या रोलोची कबर," ती म्हणाली. "कडेने बाटल्या मीच पुरल्या होत्या. त्याने स्वतः रिकाम्या केल्या होत्या सगळ्या, बाहेरून एक आणावी लागली नाही."

ढोल थांबला. हायसिंथने तोंडावर हात ठेवला. सगळे सिप्रियनकडे पाहू लागले.

"राहू दे, राहू दे," डेल्फीन काठी हलवत म्हणाली. "माझी काही तक्रार नाही. रोलो फिडल वाजवायचा आणि तुझी बायको नाचायची, तेव्हा त्याची नजर तारांवर कधी असायची का? जन्मभर तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मेला टपून होता. आता दगडच आला तिचा अंगावर. खुशीत असेल. झोपू दे दोघांना एकत्र, म्हातारा झाला होता बिचारा."

लोक हसले. जुलैनंतर पहिल्यांदा इतकी माणसं एकदम हसली. पाद्रीबाबा समुद्राकडे तोंड करून हसले.

सिप्रियनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आधी त्याला वाटलं, ऊन. मग ती धग मानेवरून खाली उतरली, छातीत शिरली आणि तिथे घट्ट बसली. त्याला रोलो दिसला, फिडलखाली दाबलेली ती हनुवटी, ते तेल लावलेले केस, कॉड्रिल नाचाच्या शेवटच्या फेरीला दर वेळी मुद्दाम एक जास्तीचं वळण वाजवणारा. आणि युफेमिया, ते जास्तीचं वळण घेणारी. अंगठा ठणकायला लागला.

"उचला," तो म्हणाला.

"काय?" बार्टी म्हणाला.

"दगड. उचला."

"मिस्त्री, सिमेंट धरायला लागलंय."

"धरायच्या आत उचला! त्या सारंगीवाल्याच्या उरावर माझी बायको उभी राहणार नाही. ठेवायची कुठे ते मी बघतो."

"अहो दाजी, पण स्वप्नात..." हायसिंथने सुरुवात केली.

"कसलं स्वप्न नि कसलं काय! पडलं नव्हतं मला स्वप्न! पडायची तेव्हा लपवली आणि आता पडत नाहीत!" तो ओरडला आणि ओरडताना त्याचा आवाज मध्येच फाटला. बाकीचं वाक्य कुणाला नीट ऐकू गेलं नाही. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी दगडाच्या पायाशी ओलं सिमेंट उपसू लागला. खांदे हलत होते. लोकांनी नजरा वळवल्या. बार्टीने मुकाट्याने दगडाची एक कड धरली.

डेल्फीन त्याच्या डोक्याशी येऊन काठीवर वाकली. तिचं हसणं गेलं होतं.

"सिप्रियन, ऐक. सणाला तुझ्या मेणबत्त्या कधी टिकायच्या का?"

त्याने मान हलवली. नाही.

"दर वर्षी विझायच्या आणि तू माझ्याकडे येऊन पेटवून न्यायचास. माझी मात्र टिकायची. का? मला आडोसा होता, तुझ्या पाठीचा. तू वाऱ्याच्या बाजूला वाकून बसायचास. तुझ्या मेणाचा धूर सगळा माझ्या डोळ्यांत." तिने काठीने समुद्राकडची वाळू दाखवली. "तिकडे. रोलोच्या पलीकडे, वाऱ्याच्या अंगाला. किती पलीकडे ते देवाला ठाऊक. पण तिकडे."

सिप्रियनने बाहीने नाक पुसलं. मग कुणाची वाट न पाहता फावडं उचललं आणि बाटल्यांच्या ओळीपासून समुद्राच्या दिशेने एक मोठं पाऊल टाकून खणायला सुरुवात केली. चौघांनी दगड तोलून धरला होता.

"इथे?" बार्टीने दात आवळून विचारलं.

"आणखी पलीकडे," डेल्फीन म्हणाली. "रोलोचे हात लांब होते."

सिप्रियनने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि आणखी एक पाऊल पुढे सरकला.